पानामागचा लाल कोळी

अलीकडची काही वर्षे रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊ लागला आहे. त्यामुळे इफ्तारच्या दस्तरखानावर पुदिन्याच्या चटणीची मागणी वाढते, तेव्हाच पुदिन्याच्या कुंडीवर संकट आलेले असते. थंडी सरते, दुपारचे ऊन तापू लागते आणि परवापर्यंत हिरवीगार असलेली पाने आठ-दहा दिवसांत धुरकट, फिकी दिसू लागतात. घरात कोणी म्हणते पाणी कमी पडले. कोणी म्हणते ऊन लागले. एखादी फुफी हळूच म्हणते, नजर लागली. मग पाणी वाढवले जाते, कुंडी सावलीत सरकवली जाते, शेतावरून आणलेला चिमूटभर युरिया टाकला जातो. झाड मात्र आणखी खंगत जाते.

अशा वेळी आमचा सल्ला एकच असतो. पान उलटे करा.

साताऱ्यातली गच्ची असो, कऱ्हाडची गॅलरी असो की मिरजेतले परसू, फेब्रुवारी ते मे या महिन्यांत फिक्या पडलेल्या दहा झाडांपैकी निम्म्याअधिक झाडांच्या पानामागे आम्हाला एकच पाहुणा सापडतो. शेतकरी त्याला लाल कोळी म्हणतात. आकाराने तो अर्धा मिलिमीटरही भरत नाही, म्हणून नुसत्या डोळ्यांना तो धुळीच्या कणासारखा दिसतो. ओळखायची सोपी रीत अशी: पांढरा कागद पानाखाली धरा आणि फांदीला दोन टिचक्या मारा. कागदावर कण पडतील. मिनिटभर थांबा. जे कण पडल्या जागी राहिले ती धूळ, जे हळूहळू चालू लागले ते कोळी. बोटाने पुसले की कागदावर हिरवट किंवा तांबूस रेघ उमटते. लांबोडके, चपळाईने पळणारे काही दिसले तर ते फुलकिडे असतील, त्यांचे प्रकरण वेगळे. मुलांच्या शाळेच्या दप्तरात भिंग असेल तर ते मागून घ्या. मुलांनाही दाखवा, त्यांना हे फार आवडते.

नाव लाल असले तरी हा प्राणी नेहमी लाल नसतो. आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारी जात पिवळट हिरवी असते आणि तिच्या पाठीवर दोन बाजूंना दोन काळे ठिपके असतात. काही जाती खरोखरच विटकरी लाल असतात. उपाय दोघींनाही तेच, म्हणून रंगावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

पानावरची खूणही ओळखीची होते. कोळी पानाच्या मागून आपली सुईसारखी सोंड खुपसतो आणि पेशीतला हिरवा रस शोषून घेतो. एक कोळी मिनिटाला वीसेक पेशी रिकाम्या करू शकतो. रिकामी झालेली प्रत्येक पेशी वरून पांढरट टिंबासारखी दिसते. अशी हजारो टिंबे जमली की पान रवा भुरभुरल्यासारखे दिसते, मग तांबूस होते, मग गळते. शेंड्याला आणि पानांच्या बेचक्यात बारीक रेशमासारखे जाळे दिसू लागले, तर समजावे की पाहुणे फार दिवसांचे आहेत.

या जाळ्यामुळेच त्याचे नाव कोळी पडले, आणि इथे आपल्या घरांत एक अडचण उभी राहते. हिजरतच्या प्रवासात पैगंबर (स.) आणि हजरत अबू बकर (र.) सौरच्या गुहेत थांबले असता कोळ्याने गुहेच्या तोंडावर जाळे विणले, ही रिवायत आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. त्यामुळे अनेक घरांत दादीअम्मा आजही केरसुणी हातात असलेल्या सुनेला बजावतात, ‘मकडी को मत मारो.’ कुंडीवर कोळी पडलाय असे म्हटले की त्या बिचकतात. त्यांना निश्चिंतपणे सांगावे की हा तो नव्हे. जाळे विणून माश्या पकडणारा मोठा कोळी आणि पानाचा रस पिणारा हा कण हे दोघेही अष्टपाद, म्हणजे आठ पायांचे. दूरचे नातलग म्हणा. पण मोठा कोळी झाडाला कधीच त्रास देत नाही, उलट झाडावरचे किडे खातो. गुलाबाच्या फांद्यांत त्याचे जाळे दिसले तर ते राहू द्यावे. दादीअम्मांचा हुकूम बागकामाच्या दृष्टीनेही बरोबरच आहे.

आठ पायांची ही गोष्ट नुसती गंमत म्हणून सांगितलेली नाही. सारा घोळ इथेच होतो. किड्यांना सहा पाय असतात आणि कीटकनाशके किड्यांसाठी बनवलेली असतात. कोळी हा कीटक नाही. बाजारातली कितीतरी नेहमीची कीटकनाशके त्याला मारतच नाहीत. ती मारतात ते त्याला खाणाऱ्या मित्रकिड्यांना. राखणदार गेले की घर चोराला मोकळे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे फवारल्यावर कोळी पूर्वीपेक्षा जास्त वाढतो, हे शेतीच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे. मावा-तुडतुड्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या इमिडाक्लोप्रिडनंतरही हा प्रकार अनेक पिकांवर दिसला आहे. म्हणून ‘औषध मारले तरी कीड वाढतेच आहे’ अशी तक्रार घेऊन कोणी आले, की आम्ही आधी विचारतो, कोणते औषध मारले?

हा प्रश्न आपल्या दोन जिल्ह्यांत विशेष महत्त्वाचा आहे. मुंबईच्या फ्लॅटमधली बाई फार तर दुकानातून कसलीतरी बाटली आणेल. पण तासगाव, पलूस, खानापूर, मिरज या भागांत ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे, किंवा ज्यांच्या घरातले कोणी बागेवर फवारणीला जाते, त्यांच्या पडवीत औषधांचे डबे असतातच. ‘बागेतले उरलेले थोडे आणतो आणि अम्मीच्या गुलाबावर मारतो’ हे वाक्य किती सहज बोलले जाते! उरलेले औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून आणले जाते. बाटली मोरीच्या कट्ट्यावर ठेवली जाते. त्याच कट्ट्याखाली पुदिना आणि कोथिंबिरीच्या कुंड्या असतात, आणि त्याच मोरीत दीड-दोन वर्षांचे मूल खेळत असते.

हे सांगताना आमचा आवाज थोडा चढत असेल तर वाचकांनी माफ करावे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती रोज शेतात राबणारी, औषधांची सवय असलेली प्रौढ माणसे होती. लहान मुलाच्या शरीराला किती थोडे पुरेल, याचा विचार करून पाहा. बागेसाठीच्या औषधाचे प्रमाण एकराच्या हिशेबाने लिहिलेले असते. ‘अर्धे टोपण’ आणि ‘अंदाजाने थोडे’ हे माप त्यात बसत नाही. द्राक्षावर फवारल्यानंतर किती दिवस फळ तोडू नये याचेही हिशेब असतात. पुदिन्याची पाने आपण फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी तोडतो आणि कच्चीच वाटतो.

औषधाच्या प्रत्येक डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. वाचता न येणाऱ्या माणसालाही कळावे म्हणून ही खूण आहे, पण वाचता येणारेही ती पाहत नाहीत. घरातल्या स्त्रीने ती एकदा पाहून ठेवावी आणि लाल-पिवळ्या खुणेचा डबा घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये, मग आणणारा कोणीही असो. चुकून कोणाच्या पोटात गेलेच, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत न पडता १०८ ला फोन करावा आणि डबा किंवा त्याचे लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठावा. डॉक्टरांना औषधाचे नाव कळणे फार गरजेचे असते.

आणखी एक जुने नाव इथे घ्यायला हवे. डायकोफॉल हे कोळी मारायचे औषध एके काळी गावोगावच्या दुकानांत मिळत असे, आणि कोळ्यासाठी तेच द्या असे सांगणारे जुने लोक अजून भेटतात. ते डीडीटीपासून बनवले जाते. २०१९ मध्ये स्टॉकहोम करारातील देशांनी ते जगभरातून हद्दपार करायच्या रसायनांच्या यादीत घातले आणि २०२३ मध्ये भारत सरकारनेही त्यावर बंदी आणली. कोणाच्या माळ्यावर जुना डबा असेल तर तो उघडू नये.

मग करायचे काय? ज्यांच्या पोटावरच हा कोळी पाय देतो, ते काय करतात ते आधी पाहू. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी सर्वांना ठाऊक आहे. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पावसाळ्यात सगळे आभाळ कोसळणाऱ्या या डोंगरावर जानेवारीनंतर हवा कोरडी होते आणि स्ट्रॉबेरीच्या पानामागे हाच दोन ठिपक्यांचा कोळी बसतो. तिथल्या जाणत्या शेतकऱ्याची पहिली सवय म्हणजे वाफ्यातून चालताना खालची पाने उलटून पाहणे. जुनी, खराब पाने तो खुडून रानाबाहेर नेतो. कोळी आधी खालच्या जुन्या पानांवर वाढतो आणि मग वर चढतो, हे त्याला माहीत असते. त्याला विकायचे असते, त्यामुळे वेळ पडली तर तो खास कोळीनाशक वापरतो, तेही गट बदलून बदलून. कारण हा प्राणी औषधांना फार लवकर सरावतो. जगभरात नव्वदहून अधिक रसायनांना त्याने दाद न दिल्याच्या नोंदी आहेत. किड्या-कोळ्यांच्या दुनियेत याबाबतीत तो सर्वांत पुढच्या रांगेत आहे.

आपल्याला काही विकायचे नाही. चार कुंड्या सांभाळायच्या आहेत. तेव्हा त्याची पहिली सवय घ्यावी आणि औषधाचा भाग त्याच्यासाठीच सोडावा.

जाता जाता एक सूचना. पाचगणीहून येताना फळे लागलेली स्ट्रॉबेरीची कुंडी विकत घ्यायचा मोह होतो. घ्यावी, पण घरी आल्यावर तिला पंधरा दिवस इतर झाडांपासून दूर ठेवावे. रोपवाटिकेतून आणलेल्या गुलाबालाही हाच नियम. कोळ्याला पंख नसतात. तो एक तर वाऱ्यावर आपल्या धाग्याला लोंबकळत येतो, किंवा आपल्या कपड्यांवरून, हातांवरून आणि बहुतेक वेळा नव्या रोपाबरोबर आयता घरात येतो.

घरच्या बागेत कोळ्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे साधे पाणी. त्याला कोरडी, तापलेली, धुळीची हवा मानवते. ऊसवाहतुकीच्या दिवसांत रस्त्याकडेच्या घरांवर धुळीचा थर बसतो, महामार्गालगतच्या घरांत तर तो बारमाही असतो. अशा धुळीत कोळी खाणारे मित्रकिडे नीट फिरू शकत नाहीत. पाने धुतली की धूळ जाते, जाळी तुटतात आणि निम्म्याहून अधिक कोळी वाहून जातात. नळीच्या तोंडावर अंगठा धरून पाण्याची जोरकस धार खालून वर, पानाच्या मागच्या बाजूला मारायची. वरून कितीही पाणी ओतले तरी मागचा कोळी छत्रीखाली बसल्यासारखा कोरडाच राहतो. हे सकाळी करावे, म्हणजे दिवसभरात पाने वाळतात.

पण हे लिहिताना माण, खटाव, आटपाडी, जत इथल्या आमच्या वाचकांचे चेहरे डोळ्यांपुढे येतात. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे गुलाबावर नळीने धार मारा असे सांगणे शोभत नाही. त्यांनी बादलीची रीत करावी. कुंडीतल्या मातीवर जुने फडके किंवा प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधायची, कुंडी दोन्ही हातांनी उलटी धरायची आणि झाडाचा सगळा पाला पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून पाच-सात वेळा घुसळायचा. एका बादलीत पाच-सहा लहान कुंड्या होतात. सर्वांत निरोगी झाड आधी, सर्वांत आजारी शेवटी. उरलेले पाणी पलीकडच्या नारळाच्या किंवा शेवग्याच्या बुडाशी ओतावे. मोठ्या झाडाला हे जमत नाही, तिथे ओल्या फडक्याने एकेक पान मागून पुसावे. रबराच्या किंवा क्रोटनच्या रुंद पानांना ही पुसणी फार चांगली लागू पडते. वजूचे पाणी बादलीत धरून ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे. त्यात साबण नसतो, तेव्हा ते पाने धुवायलाही उत्तम आणि मुळांना घालायलाही.

आता यातली खरी मेख. एकदा धुवून काम संपत नाही. मादी आपल्या आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. ती पानाला चिकटून असतात, पाण्याने सहसा सुटत नाहीत आणि साबणालाही फारशी दाद देत नाहीत. तीस अंशांच्या आसपासच्या गरम हवेत अंडे फुटण्यापासून पुन्हा अंडी घालणारी मादी तयार होईपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. नर नसला तरी एकटी मादी अंडी घालते, त्यातून नर निपजतात आणि वंश पुढे चालू लागतो. म्हणून राहिलेली अंडी फुटून ती पिले मोठी होण्याच्या आत दुसरी धुलाई झाली पाहिजे. उन्हाळ्यात दर चार-पाच दिवसांनी एकदा, असे किमान चार वेळा. आमच्या पाहण्यात ज्यांचे झाड वाचले नाही, त्यांतल्या बहुतेकांनी पहिली धुलाई अगदी मन लावून केली होती आणि दुसरी केलीच नव्हती. जुम्मा आणि मंगळवार असे दोन वार धरून टाकले की विसर पडत नाही.

पाण्याने आटोक्यात येत नसेल तर साबण. बागेसाठीचा पोटॅशियमचा मऊ साबण कृषी सेवा केंद्रात किंवा रोपवाटिकेत मिळतो. त्याच्या बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात तो वापरावा. तो नसेल तर भांडी घासायचा सौम्य द्रव साबण लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलीलिटर, इतकाच. कपडे धुवायची पावडर मात्र नको, तिच्यातल्या सोड्याने पाने करपतात. साबण कोळ्याच्या अंगावर ओला असेपर्यंतच काम करतो, वाळला की संपले. म्हणून पानाच्या मागच्या बाजूने निथळेपर्यंत फवारावे, ऊन उतरल्यावर फवारावे, आणि दोन तासांनी साध्या पाण्याने धुवून टाकावे. आधी एका-दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी, नेच्यासारखी नाजूक झाडे साबण सहन करत नाहीत. ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी आहे, ज्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही, तिथे मऊ साबणाचाही परिणाम कमी होतो. साबणाचे पाणी करण्यापुरते पिण्याचे गोडे पाणी घ्यावे.

कडुनिंबाचे तेल चांगले, पण त्याच्याबद्दल बोलले जाते तितके चमत्कारी नाही. लिटरभर कोमट पाण्यात आधी थोडा साबण मिसळावा, मग ५ मिलीलिटर तेल घालून खूप हलवावे, दुधासारखे झाले की लगेच वापरावे. उरलेले उद्यासाठी ठेवू नये. भर उन्हात तेल मारले तर कोळ्याआधी पान भाजते. गुलाब, जास्वंद, मोगरा यांना ते ठीक. पुदिना, कोथिंबीर, सब्जा यांना नको, कारण तो कडवटपणा चटणीत उतरतो आणि मग घरातले लोक बागेलाच नावे ठेवतात.

द्राक्षबागवाल्यांच्या घरात पाण्यात मिसळणारे गंधक असतेच, भुरीसाठी ते वापरतात. कोळ्यावरही ते काही प्रमाणात चालते, आणि बागेतून घरी आणायचेच असेल तर इतर डब्यांच्या मानाने त्याचा धोका कमी. तरी दोन गोष्टी पाळाव्यात. पारा पस्तिशीकडे गेला की गंधकाने पाने जळतात, म्हणजे सांगलीच्या एप्रिलमध्ये ते हाती धरूच नये. आणि तेल फवारल्यानंतर दोन आठवडे गंधक मारू नये.

तंबाखूच्या पाण्याविषयी आम्हाला हमखास विचारले जाते. निपाणी जवळ, मिसरीची सवय घरोघरी, त्यामुळे तंबाखू भिजवून फवारणे हा घरगुती आणि म्हणून निर्धोक उपाय आहे असा समज आहे. तो खरा नाही. निकोटिन हे जबर विष आहे आणि ते कातडीतूनही शरीरात शिरते. शिवाय तंबाखूतला एक विषाणूजन्य रोग टोमॅटो आणि मिरचीला लागू शकतो. घरगुती म्हणजे निर्धोक, हे समीकरण एकदा डोक्यातून काढायला हवे.

एवढे सगळे करताना पानामागे नीट पाहिले, तर कधी कधी दुसरीच हालचाल दिसेल. मोहरीपेक्षाही लहान, काळा चकचकीत भुंगा कोळ्यांमध्ये फिरताना दिसला तर तो राखणदार आहे. ढालकिड्याच्या घराण्यातला हा चिमुकला जन्मभर कोळीच खातो. तसाच एक शिकारी कोळीही असतो, थोडा नारिंगी, पेरूच्या आकाराचा आणि रस पिणाऱ्या कोळ्यापेक्षा कितीतरी चपळ. त्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५८ च्या सुमारास चिलीहून जर्मनीत ऑर्किडची रोपे पाठवली गेली, आणि त्यांच्याबरोबर न बोलावता असा एक शिकारी कोळी आला. तिथल्या संशोधकांनी पाहिले की हा तर लाल कोळ्याचा फडशा पाडतो. आज युरोपातल्या काचगृहांत काकडी-टोमॅटोवर तोच बाटल्यांमधून विकत आणून सोडतात. आपल्याला तो विकत आणायची गरज नाही. त्याचे देशी भाऊबंद आपल्या बागांत आहेत, फक्त विषारी फवारा मारून आपण त्यांना घालवून देऊ नये. हे राखणदार दिसू लागले तर साबणही थांबवावा आणि नुसत्या पाण्यावर भागवावे.

खताचे थोडक्यात. युरियाने पान कोवळे, रसरशीत होते आणि कोळ्याची अंडी वाढतात. उन्हाळ्यात कुंडीला युरिया नको, जुने शेणखत मूठभर पुरे. तहानलेल्या झाडावर कोळी जास्त माजतो, तेव्हा पाणी थोडे पण नियमित द्यावे आणि मातीवर वाळका पाला पसरावा. खुडलेली रोगट पाने कुंडीच्या बुडाशी टाकू नयेत, पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावीत.

कोणत्या झाडाची किती काळजी करावी, यातही तारतम्य हवे. गुलाबाची करावी, तो वर्षानुवर्षांचा सोबती असतो. परसातल्या वांग्या-भेंडीवर एप्रिलअखेर जाळीच जाळी झाली असेल तर झाड उपटून टाकणेच शहाणपणाचे, कारण एक झाड वाचवण्याच्या नादात शेजारची चार जातात. जास्वंद चिवट असते, दोन-तीन धुलाया झाल्या की सावरते. आणि जूनमध्ये पहिले चार दमदार पाऊस झाले की उघड्यावरच्या झाडांवरचा कोळी आपोआप ओसरतो. गॅलरीत पाऊस पोचत नाही, म्हणून तिथली झाडे त्या दिवसांत एकदा अंगणात काढून भिजू द्यावीत.

पुदिन्यासाठी तर धुण्याचाही फार खटाटोप नको. कुंडीतला सगळा पुदिना मातीपासून दोन बोटे ठेवून कात्रीने सपाट कापून टाकावा. कापलेला पाला घरात न आणता बाहेर टाकावा. उरलेली बुंधे आणि मातीचा वरचा भाग पाण्याने चांगला धुवून घ्यावा आणि कुंडी सकाळचे ऊन मिळेल पण दुपारी सावली असेल अशा जागी ठेवावी. मुळे जिवंत असतात. आठवड्याभरात तांबूस कोंब दिसू लागतात आणि तीन-चार आठवड्यांत चटणीपुरती पाने हाताशी येतात. रमजानचा चांद दिसायच्या महिनाभर आधी हे केले, तर पहिल्या इफ्तारला घरचा पुदिना मिळतो. तोडण्यापूर्वी दोन-चार पाने उलटी करून पाहावीत.